मिसरच्या राजाचं तोंड

पर्वत पाटियाच्या सिग्नलला थांबलेल्या कुंदनला पुढच्या मोटारसायकलवाल्याच्या पाठीवर आपला भाऊ दिसला. आधी दिसला तो शर्ट. डोक्याला निळ्या-सोनेरी पट्ट्यांचं फडकं बांधलेला मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, राजा, खांद्यापासून कमरेपर्यंत पाठभर छापलेला. डिझाईन कुंदनचंच होतं, त्यामुळे त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते धंद्याचं, की सोनेरी रंग जास्त पिवळा उतरलाय आणि कापड हलकं वापरलंय. आपलं डिझाईन कुणाच्या अंगावर दिसलं म्हणून त्याला आता काही वाटत नसे. सुरतेत कापडावरची फुलं-पानं काढून पोट भरणाऱ्याला रोज रस्त्यात आपलीच फुलं चालताना दिसतात. पण त्या माणसाची पाठ घामानं भिजली होती, कापड कातडीला चिकटलं होतं, आणि ओल्यानं राजाचा एक गाल काळवंडला होता. त्या काळवंडल्या गालानिशी राजानं कुंदनकडे पाहिलं. हा योगेश. तेवीस वर्षांपूर्वी घरातून गेलेला, परत न आलेला योगेश. तेच नाकाचं किंचित डावीकडे झुकणं, लूमचा धोटा उडून लागला होता तिथं भुवईत पडलेली तीच फट, काहीतरी सांगता सांगता गप्प बसल्यासारखे मिटलेले ओठ. सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. ऑफिस उजवीकडे होतं आणि तो माणूस गोडादऱ्याकडे वळला, तरी कुंदननं गाडी त्याच्यामागं घातली. रस्त्यातल्या खड्ड्यांनी त्या माणसाचे खांदे हलत तसा चेहरा हले, ओठ हलल्यासारखे वाटत. मग कापडाचे ताके भरलेला एक टेम्पो मध्ये शिरला, आणि टेम्पो बाजूला झाला तेव्हा पुढं नुसता रस्ता होता. कुंदन गाडी कडेला घेऊन उभा राहिला. त्यानं गाठून त्या माणसाला काय सांगितलं असतं? भाऊ, तुमचा शर्ट काढा, आत माझा भाऊ आहे?

ऑफिसात त्यानं फाईल उघडली. तिसऱ्या मजल्यावरची ती एक अरुंद खोली, चार कॉम्प्युटर, एसीचं पाणी टिपणारी बादली. मागच्या उन्हाळ्यात शेठ म्हणाले होते, "कुंदन, आ वखते इजिप्त चालशे. कंईक राजा-बाजा बनाव." या वेळी इजिप्त चालणार, एखादा राजा काढ. मग कुंदननं इंटरनेटवरून राजे गोळा केले. रामसेस नावाचा एक फार मोठा फॅरो होऊन गेला, त्याचेच पुतळे सगळ्यात जास्त सापडत होते, म्हणून तो घेतला. ऑफिसातल्या पोरांनी त्याचं रामशेठ करून टाकलं. कुंदनच्या स्क्रीनवर आठवडाभर रामशेठच रामशेठ होते. डोंगराएवढे दगडी रामशेठ, नाक फुटलेले, गालात मंद हसणारे. सिनेमांतले रामशेठ, कुणी गोरा घारा, कुणी पहिलवान, सगळ्यांच्या डोळ्यांत काजळ आणि चेहऱ्यावर आपण आता हरणार हे ठाऊक नसल्याचा माज. मुलांच्या पुस्तकांतले गुबगुबीत रामशेठ. व्हिडिओ गेममधले, हातात भाला घेतलेले. एवढ्या जणांनी एवढ्या वेळा काढलेला हा माणूस, आणि एका चित्राला दुसऱ्याचा चेहरा जुळत नव्हता. ज्यानं त्यानं आपल्या मनातला कुणीतरी घेऊन त्याच्या डोक्यावर तो मुकुट ठेवला होता. कुंदनला तेव्हा त्याची गंमत वाटली होती. मग एका दुपारी, जेवणानंतरच्या सुस्तीत, त्यानं सगळी चित्रं बंद करून नुसता हात सोडला आणि तासाभरात चेहरा तयार झाला. शेठ मागं येऊन उभे राहिले. "आमां जीव छे," म्हणाले. यात जीव आहे. कुंदन खूश झाला होता. जीव कुणाचा, हे त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

राजा पहिल्यांदा पाहिला तो योगेशबरोबरच. लिंबायतच्या एका पत्र्याच्या व्हिडिओ हॉलमध्ये, रविवारी दुपारी. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत विड्यांचा धूर. हिंदीत बोलणारा परदेशी सिनेमा होता, नाव कुणाला ठाऊक नव्हतं. रथात उभा असलेला तो राजा ओरडून हुकूम सोडायचा आणि सगळा हॉल टाळ्या पिटायचा, खरं तर टाळ्या त्याच्या गुलामांना सोडवणाऱ्याला मिळायला हव्या होत्या. शेवटी त्याचं सैन्य पाण्यात बुडालं आणि राजा एकटा काठावर राहिला. बुडाला नाही, जिंकलाही नाही, नुसता उभा. घरी येताना योगेश बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं नवा खेळ काढला. त्यांचे वडील, आबा, ज्या कारखान्यात लूम चालवत तिथून चिंध्यांची पोती मिळत. त्या चिंध्या कुंदननं योगेशच्या पायापासून गळ्यापर्यंत गुंडाळायच्या. मग योगेश सुताच्या दोन रिकाम्या कांड्या छातीवर फुलीसारख्या धरून पालथ्या खोक्यावर उभा राहायचा. राजा हलत नाही. राजा हसत नाही. कुंदन गुदगुल्या करायचा, तोंडासमोर हात नाचवायचा, काय वाट्टेल ते बोलायचा. योगेशच्या डोळ्यांत माशी बसायला आली तरी पापणी लवायची नाही. थोड्या वेळानं कुंदनला हसू यायचं थांबायचं. खोक्यावरचा तो चेहरा ओळखीचा असून त्याच्यात कुणी नाही असं वाटायला लागायचं. "दादा, बोल ना." योगेश बोलायचा नाही. "दादा, खेळ संपला." तरी नाही. कुंदन भोकाड पसरायचा, तेव्हा कुठं त्या चिंध्यांतून आवाज यायचा, "आठेच शे ना मी, येड्या." इथंच आहे ना मी.

आणि पुढं तो गेला तोही असाच, काही न बोलता. कुणाशी भांडण नाही, मारझोड नाही, कुणा पोरीची भानगड नाही. आबांनी पुढं मरेपर्यंत डोकं खाजवलं. आपण काय बोललो, कधी बोललो. भिवंडीला बघून आले, मालेगावला बघून आले, इचलकरंजीपर्यंत गेले. काहीच झालं नव्हतं. एका सकाळी त्यानं चहा प्यायला, कप विसळून पालथा घातला, कुंदनच्या डोक्यात टपली मारली आणि शिफ्टला म्हणून बाहेर पडला. कारखान्यात पोचलाच नाही. कारण असतं तर घरच्यांनी ते धरून ठेवलं असतं, त्याच्यावर चिडले असते, स्वतःवर चिडले असते. मायकडं, सरस्वतीकडं, तर चिडायलाही काही नव्हतं. तिनं एवढंच धरलं होतं, की तो हरवला आहे. हरवलेला माणूस सापडत नाही तोवर हरवलेलाच असतो. तो कुणाला टाकून गेलेला नसतो.

संध्याकाळी कुंदन गोडादऱ्याच्या आपल्या खोलीवर आला तेव्हा दार उघडंच होतं. माय भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर तोच शर्ट होता. शेजारच्या उषाबाई कारखान्यांतून बटणं लावायचं काम आणत आणि गल्लीतल्या बायकांत वाटत. आज आणलेल्या गठ्ठ्यात सगळे राजेच निघाले होते. बाजूला घड्या घातलेले शर्ट होते, एकालाही बटण लावलेलं नव्हतं. कुंदनची बायको स्नेहा ओट्यापाशी उभी होती. तिनं डोळ्यांनीच काहीतरी खुणावलं, पण उशीर झाला होता.

"कुंदन, तू याले कथा देखा?" मायनं विचारलं. कुठं पाहिलास याला, असं.

"कोणाला, माय?"

"माले येडी नको समजू. कथा देखा?"

ती अहिराणीत बोले आणि तो मराठीत उत्तर देई. शाळेनं आणि सुरतेच्या हिंदीनं त्याची अहिराणी खाऊन टाकली होती. "माय, हा राजा आहे. मिसर देशाचा. हजारो वर्षांपूर्वी मेला तो."

"मरू दे तुना राजा. हाऊ मना योगेश शे."

"असेल थोडा सारखा. लहानपणापासून त्यालाच पाहिलंय, हात त्याच वळणानं गेला असेल."

"लहानपणना योगेश काढा का तू?" मायनं शर्ट त्याच्यापुढं उलगडला. कापडावरून तिनं बोट फिरवलं, हळूच, झोपलेल्याच्या तोंडावरून फिरवावं तसं. "तो गया तव्हय गाल भरेल व्हतात. हाऊ देख. गाल बसी ग्यात. डोयाखाले काळं उनं. गया तव्हय बावीसना व्हता, हाऊ पंचेचाळीसना शे. तो आते असा दिसस, हाई तुले कसं ठाऊक?"

तिचं म्हणणं खरं होतं. त्यानं काढलेला योगेश वयानं वाढलेला होता. इतकी वर्षं कुंदनच्या आत कुठंतरी तो दिसामाशी म्हातारा होत गेला होता, आणि कुंदनला त्याचा पत्ताच नव्हता. पण हे मायला कुठल्या शब्दांत सांगायचं? मी त्याला पाहिला नाही माय, तो माझ्यातच वाढत होता, असं? तो म्हणाला, "शपथ घेऊन सांगतो, नाही भेटलो." माय त्याच्याकडे बघत राहिली. मुलगा खोटं बोलतोय हे कळल्यावर आया जशा बघतात, रागानं नव्हे, आणखी एक संधी दिल्यासारखं.

पुढच्या रविवारी तो मोबाईल घेऊन तिच्याजवळ बसला. ज्या चित्रांवरून काम केलं ती दाखवली की तिचा भ्रम फिटेल असं त्याला वाटलं. माय चष्मा लावून, मान पुढं काढून बघायला लागली. दगडाचा रामशेठ आला. "हाऊ नही," माय म्हणाली. नाक फुटलेला आला. "हाऊ नही." सिनेमातला गोरा आला, काजळवाला आला, भालेवाला आला. "नही. नही. हाऊबी नही." कुंदनचं बोट जड व्हायला लागलं. आबा असेच एकदा सिव्हिल हॉस्पिटलात गेले होते, बेवारशी प्रेतं बघायला. एकेकावरची चादर बाजूला होई आणि आबा मान हलवत, असं त्यांनीच नंतर सांगितलं होतं. आपण मायला तिथंच घेऊन आलो आहोत. तो मोबाईल बंद करणार, तेवढ्यात पुढचं चित्र सरकलं. काचेच्या पेटीतला खरा रामसेस. काळं पडलेलं कातडं, गरुडासारखं नाक, कानामागं उरलेले थोडे केस. मायनं त्याचा हात धरला.

"हाऊ कोन?"

"हाच तो, माय. खरा राजा. हे त्याचं प्रेत."

"याले आग नही दिन्ही?"

"त्यांच्यात जाळत नव्हते. मसाले लावून, कापडात गुंडाळून जपून ठेवायचे."

"कोन ठेये?"

"मुलंबाळं. घरचे."

माय चष्मा काढून पदरानं पुसत म्हणाली, "म्हनजे त्याना पोऱ्यास्ले ठाऊक व्हतं, आपला मानूस कथा शे ते." आणि उठून आत गेली. सिद्ध काहीच झालं नव्हतं. उलट एवढ्या राजांत तो नाही, तुझ्याच चित्रात आहे, हे मात्र पक्कं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मायनं भरून दिलेला डबा जड लागला. ऑफिसात उघडला तर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी नेहमीच्या दुप्पट, दोघांपुरत्या, ठेचा दोन पुड्यांत, शेव-भाजी काठोकाठ. कुंदननं आपल्यापुरतं खाल्लं आणि उरलेलं घरी आणलं. मायनं डबा उघडला, भाकरी बाहेर काढल्या, कोरड्या पडल्या होत्या त्या. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. स्नेहानं त्याला गच्चीवर गाठलं, दोरीवरचे कपडे काढता काढता. "आईंना नका सांगू, पण मला तरी सांगा. भेटलाय का तो?" कुंदननं नकारार्थी मान हलवली. "मी तुमच्याकडनंच आहे," ती घाईनं म्हणाली, "पण असं हुबेहूब... फोटो समोर ठेवूनही कुणाला जमणार नाही." त्याला वाटलं, आपण खरं बोलतोय हे पटणारा जगात एकही माणूस उरला नाही. आणि आठवड्याच्या शेवटी, माय दोन दिवस धड जेवली नाही तेव्हा, त्यानं उरलेलं जेवण ऑफिसच्या वॉचमनला देऊन टाकलं. दत्तू वॉचमन परभणीचा, त्याला ठेचा आवडला. डबा रिकामा परत आला. मायनं झाकण उघडलं. आतली बोटं फिरवून चाटलेली वाटी तिनं उजेडात धरली. तिचा चेहरा उमलला.

"खादं का त्यानी?"

"हो," कुंदन म्हणाला.

एक शब्द. पण पुढचे दिवस त्या एका शब्दाच्या मागून आपोआप येत गेले. तिकडं शेठना राजाची दुसरी मालिका हवी होती. पहिली फार चालली होती. "चेहरो एज राखजे," त्यांनी बजावलं, चेहरा तोच ठेव, आता राजा सहकुटुंब दाखव. पुतळ्यांत राजाच्या गुडघ्यापाशी इवलीशी राणी उभी असते, पायाशी लेक असते. कुंदन दिवसा ती काढी आणि संध्याकाळी मायला उत्तरं देई. लगीन करं का त्यानी? केलं, माय. पोरं? एक मुलगी आहे. काय करस? डाईंग मिलमध्ये आहे, सुपरवायझर. दिवसा जे रेघेत उतरे तेच संध्याकाळी तोंडात येई. आणि सगळ्यात लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याला त्यात सुख व्हायला लागलं होतं. योगेशची मुलगी नकटी आहे, तिला दूध आवडत नाही, हे सांगताना त्याला ती खरोखर दिसे. माय हसे. कितीतरी वर्षांनी त्या खोलीत योगेशचं नाव काढल्यावर कुणी हसत होतं.

मग एकदा मेथी निवडता निवडता तिनं विचारलं, "ऱ्हास कथा तो?"

तो राहतो कुठं, हा प्रश्न येणार हे त्याला समजायला हवं होतं. रोजचा डबा पोचतो म्हणजे फार लांब सांगता येत नव्हतं. "पांडेसऱ्याला," तो म्हणाला.

मायचे हात थांबले. पांडेसरा म्हणजे रिक्षा केली तर गोडादऱ्याहून भाजी शिजेपर्यंत पोचावं एवढ्या अंतरावर. ती मनातल्या मनात तो रस्ता चालून गेली असावी. "इतला जवळ," एवढंच तिच्या तोंडून निघालं. मग, "कव्हयपासून?"

"झाली असतील चार-पाच वर्षं," कुंदन बोलून गेला, आणि बोलता बोलताच त्याला दिसलं आपण काय केलं ते. समोर बसलेल्या म्हातारीच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओसरून गेलं. तिचा मुलगा आता हरवलेला नव्हता. तो चार-पाच वर्षं जवळच राहत होता, भाकरी खात होता, आणि येत नव्हता.

"माय, मी खोटं बोललो," तो तिच्यापुढं बसून म्हणाला. "नाही भेटलो त्याला. डबा वॉचमन खायचा. तू जेवत नव्हतीस म्हणून मी हो म्हणालो. मुलगी नाही, बायको नाही, पांडेसरा नाही. मला काही म्हणजे काही ठाऊक नाही."

मायनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात मेथीनं ओला होता. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आते त्याले झाकू नको. भाऊ शे तुना, तुले वाटनारच."

त्यानं दत्तू वॉचमनला घरी आणला. दत्तूनं हात जोडून सांगितलं, मावशी, तुमची भाकर मीच खात होतो. मायनं त्याला चहा दिला आणि तो गेल्यावर म्हणाली, गरीब मानूस शे, त्याले काब्र, कशाले खोटं बोलाले लावं? कुंदननं उषाबाईंकडून बोलून पाहिलं, स्नेहाकडून बोलून पाहिलं. माय सगळ्यांचं ऐकून घेई. रडली नाही, चिडली नाही. डब्यात पुन्हा एकाचीच भाकर येऊ लागली.

दिवाळीच्या आधी तिनं स्नेहाला जवळ बोलावलं आणि सांगितलं, दिंडोलीचा तो फ्लॅट बघून या. लग्न झाल्यापासून स्नेहा घर बदलायचं म्हणत होती आणि माय ऐकत नव्हती. या खोलीत पाणी यायचं नाही, पावसात भिंती ओल धरायच्या, तरी नाही. योगेशला हाच पत्ता ठाऊक होता. म्हणून आबा गेल्यावरही ती गावी राहायला गेली नव्हती, लग्नकार्याला गेली तरी घरात कुणाला तरी ठेवून जायची. आता ती स्वतःच भांडी पोत्यात भरत होती. कुंदन म्हणाला, "माय, घाई काय आहे, पुढच्या वर्षी जाऊ." ती म्हणाली, "काब्र? आते आठे काय शे?" त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, की तो कुठं आहे मला माहीत नाही, तो खरंच कुठंतरी असेल, एखाद्या दुपारी या गल्लीत येऊन उभा राहील. पण हे सगळं तो सांगून चुकला होता आणि त्याच्या तोंडून खरं निघालं तरी तिला ते भावाची बाजू घेणंच वाटत होतं.

टेम्पो सकाळी आला. सामान चढलं, गॅसची शेगडी, आबांचा फोटो, गाद्या. माय ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली, मांडीवर देव्हारा घेऊन. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. उषाबाई डोळे पुसत खिडकीशी आल्या. "सरस्वतीबाई, नवा पत्ता देऊन ठेवा वं. कोनी इचारत उनं ते काय सांगू?"

कुंदन कुलूप हातात घेऊन दारात उभा होता. त्यानं मायकडं पाहिलं. मायनं देव्हाऱ्यावरचं फडकं नीट खोचलं आणि समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "कोनी नही इचारनार."

ड्रायव्हरनं टेम्पो चालू केला.